घरचं राज्य हरूनही व्हाइट हाउस?

आडवळण

आपल्याकडे एखादा पुढारी दिल्लीच्या गोष्टी करायला लागला की पहिला टोमणा ठरलेला असतो: आधी स्वतःच्या तालुक्याची बाजार समिती राखा म्हणावं. हीच फूटपट्टी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला लावली तर काय दिसतं, ते बघायला हा धागा.

आधी घरी हरून वर जिंकलेले. जेम्स पोल्क, १८४४. टेनेसीचा माणूस, तिथे गव्हर्नर राहिलेला. पुढे १८४१ आणि १८४३ अशा गव्हर्नरपदाच्या दोन निवडणुका लागोपाठ हरला. आपल्याकडे अशा माणसाचं विधान परिषदेवर पुनर्वसन झालं असतं. याला पक्षानं थेट राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. टेनेसीनं तेव्हाही हात दिला नाही. हेन्री क्ले तिथे सव्वाशेपेक्षाही कमी मतांनी पुढे राहिला. पण न्यूयॉर्क पोल्कच्या पदरात पडलं आणि गडी राष्ट्राध्यक्ष झाला.

दुसरा वुड्रो विल्सन. न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर. १९१२ ला न्यू जर्सी त्याला मिळालं होतं, पण तेव्हा समोर टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांची भाऊबंदकी चालली होती. १९१६ ला रिपब्लिकन एक झाले आणि न्यू जर्सी ह्यूजकडे गेलं, तेही दहा टक्क्यांहून जास्त फरकानं. तिकडे कॅलिफोर्निया जेमतेम ३,८०० च्या आसपास मतांनी मिळालं म्हणून विल्सन राज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांत २७७ विरुद्ध २५४ असा तरला.

तिसरा ट्रम्प, २०१६. न्यूयॉर्कमध्ये जन्म, तिथेच धंदा, तिथेच नावाचा टॉवर, आणि न्यूयॉर्क राज्यात हिलरी क्लिंटनपेक्षा बावीस टक्के मागे. मॅनहॅटनमध्ये तर दहा टक्क्यांच्या आसपासच मतं. फरक इतकाच की हिलरीही न्यूयॉर्कचीच सिनेटर होती, म्हणजे घर दोघांचं एकच.

आता उलटी बाजू. २००० साली बुशसमोर उभ्या अल गोरनं घरचं टेनेसी राखलं असतं तर फ्लोरिडातल्या त्या ५३७ मतांचं (तेवढ्यानं बुश जिंकला) नावही कुणी घेतलं नसतं. टेनेसीची ११ मतं मिळाली असती की काम झालं होतं.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडत नाही, राज्याराज्यांचे प्रतिनिधी निवडतात. प्रत्येक प्रतिनिधीचं एक मत, एकूण मतं ५३८, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी मतं. म्हणून डेमोक्रॅटांच्या पक्क्या कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटला घरचा म्हणून दोन टक्के जास्त मिळाले काय नि न मिळाले काय. माझं मत असं की घरच्या राज्याचा पाठिंबा ही अट नाहीच. तो फार तर दोन-चार टक्क्यांचा असतो आणि राज्य काठावरचं असेल तरच कामाला येतो. तुम्हाला काय वाटतं?

कोकमसार

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

एक बाळबोध शंका. तिकडे माणसाचं घरचं राज्य ठरवतं कोण? जन्मला ते, निवडून आला ते, की बंगला आहे ते? लिंकन केंटकीत जन्मला असं शाळेत वाचलं होतं, पण सगळे त्याला इलिनॉयचा म्हणतात.

तर्कटराव

आडवळण, उदाहरणं झकास आहेत, पण निष्कर्ष घाईचा आहे. आजवर साठ निवडणुका झाल्या. त्यांत घरी हरून जिंकलेले तुम्ही तीन दिलेत. निक्सन धरला तर चार. (१९६८ ला तो कागदोपत्री न्यूयॉर्कचा रहिवासी होता, न्यूयॉर्क हम्फ्रीकडे गेलं, जन्मभूमी कॅलिफोर्निया मात्र निक्सनला मिळाली.) साठात चार! उरलेल्या सगळ्यांनी आपलं घर राखलं. तरीही 'अट नाही' म्हणायचं तर म्हणा बापडे.

आडवळण

तर्कटराव, जो जिंकतो तो बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त राज्यं घेऊन जातो. त्यात घरचं राज्य असणारच. शिवाय ज्याला त्या राज्यानं आधी गव्हर्नर किंवा सिनेटर केलंय असाच माणूस पक्ष उभा करतो. म्हणजे तुमची छप्पन उदाहरणं बरीचशी आपोआपच येतात.

खरी परीक्षा हरलेल्यांची घ्या. कार्टर १९८० ला जॉर्जिया राखून हरला. मॉन्डेलला १९८४ ला सगळ्या देशात एकच राज्य मिळालं, घरचं मिनेसोटा, तेही ३,७६१ मतांनी. (सोबत राजधानी वॉशिंग्टन.) डोलनं कॅन्सस राखलं, केरीनं मॅसॅच्युसेट्स, मॅकेननं ॲरिझोना. कमला हॅरिसना २०२४ ला कॅलिफोर्नियाची ५४ च्या ५४ मतं मिळाली. उपयोग शून्य.

नॅशव्हिलचा_नाना

मंडळी, टेनेसीचं नाव निघालंय तर चार ओळी लिहितो. २००० साली मी नॅशव्हिलला नोकरीला होतो. मताचा अधिकार नव्हता, बघायला मात्र भरपूर मिळालं.

पहिलं हे लक्षात घ्या की गोर टेनेसीत कमकुवत नव्हता. १९९० च्या सिनेट निवडणुकीत त्यानं राज्यातल्या ९५ च्या ९५ काउंट्या (आपल्याकडचे जिल्हे म्हणा) जिंकल्या होत्या. पंचाण्णव! पूर्वेकडचे डोंगरी भाग यादवी युद्धापासून रिपब्लिकन, तिथेसुद्धा. १९९२ आणि १९९६ ला क्लिंटनबरोबर तो तिकिटावर होता तेव्हाही राज्य त्यांनाच मिळालं. मग आठ-दहा वर्षांत झालं काय?

एक तर खालची जमीन सरकली. १९९४ ला टेनेसीच्या दोन्ही सिनेट जागा रिपब्लिकनांनी घेतल्या, त्यातली एक गोरचीच जुनी. गव्हर्नरही त्यांचा आला. गोर मात्र उपाध्यक्ष म्हणून राष्ट्रीय पक्षाची भाषा बोलत होता: बंदुकांवर निर्बंध, पर्यावरण, तंबाखूविरुद्ध मोहीम. त्याची बहीण फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली आणि १९९६ च्या अधिवेशनात तो त्यावर फार कळवळून बोलला. देशभर लोकांचे डोळे ओले झाले. पण टेनेसीत तंबाखू हे पीक आहे हो. गोरच्या घरचीही तंबाखूची शेती होती, हे तिकडे प्रत्येकाला ठाऊक. सोईनं विसरतोय, अशी कुजबुज.

आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे, स्मिथ काउंटीचे, म्हणजे गोरच्या कार्थेजच्या बाजूचे. नोव्हेंबर आला की हरणांच्या शिकारीची रजा आधी टाकणार, बाकी जग नंतर. त्यांच्या पिकअपच्या मागच्या काचेला आतून बंदुकीची मांडणी. नव्वदला त्यांनी गोरला मत दिलं होतं. या वेळी नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, तेव्हा तो आमचा निरोप घेऊन वॉशिंग्टनला जायचा, आता वॉशिंग्टनचा निरोप घेऊन आमच्याकडे येतो. तसाही गोरचा बालपणाचा बराच काळ वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात गेला होता, कारण वडील सिनेटर. ते वडीलही १९७० ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधापायी इथेच पडले. म्हणजे टेनेसीनं गोर घराण्याला हे दुसऱ्यांदा दाखवलं.

आणि गंमत म्हणजे गोरनं प्रचाराचं मुख्य ऑफिस १९९९ ला वॉशिंग्टनहून उचलून मुद्दाम नॅशव्हिलला आणलं होतं. 'मी तुमचाच' हे दाखवायला. शेवटी सुमारे ८०,००० मतांनी हरला.

निकालाच्या रात्री वॉर मेमोरियल प्लाझावर मीही होतो. पाऊस, थंडी, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याआधीच टीव्हीवर टेनेसी बुशच्या नावावर लागलं तेव्हा गर्दीत एक विचित्र शांतता पसरली. तोवर फ्लोरिडा एकदा गोरला देऊन काढूनही घेतला होता, त्यामुळे लोकांना अजून आशा होती. पण घरच्या अंगणात उभं राहून घरचं राज्य गेल्याचं ऐकायचं म्हणजे काय, ते तिथल्या चेहऱ्यांवर दिसलं. पुढे मध्यरात्र उलटल्यावर गोर पराभव मान्य करायला प्लाझाकडे निघाला आणि वाटेतूनच परत फिरला. भाषण झालंच नाही. प्रचारप्रमुख डेली येऊन सांगून गेला की मोहीम संपलेली नाही. आम्ही ओले कपडे घेऊन घरी.

कोकमसार

नाना, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

तर्कटराव

नाना, प्रतिसाद आवडला, पण हिशेब टेनेसीच्याच माथी का? गोरच्या वाट्याला २६७ मतं होती (राजधानी वॉशिंग्टनच्या एका प्रतिनिधीनं कोरं मत टाकलं म्हणून नोंद २६६ ची). न्यू हॅम्पशरची ४ मिळाली असती तरी २७१ झाले असते. तिथे फरक फक्त ७,२११ मतांचा होता आणि तिसऱ्या पक्षाच्या नेडरला त्याच्या तिप्पट मतं गेली. वेस्ट व्हर्जिनियाची ५ मिळाली असती तरी भागलं असतं, आणि ते राज्य तर तोवर डेमोक्रॅटांची खाणकामगारांची पेठ. ८०,००० चा खड्डा भरण्यापेक्षा सात हजारांचा भरणं सोपं नाही का? घरचं राज्य म्हणून टेनेसीची कहाणी सांगायला गोड वाटते, एवढंच.

नॅशव्हिलचा_नाना

गणित बरोबर. पण न्यू हॅम्पशरला गोरचं काही देणं लागत नव्हतं.

ठोकळेबाज

इथे शेतकरी मरतोय आणि तुम्ही टेनेसीच्या काउंट्या मोजताय. चालू द्या.

अडाणी_अण्णा

ठोकळेबाज, शेतकऱ्यांवर तीन धागे वर आहेत. तिथे तुमचा एकही प्रतिसाद दिसला नाही. असो.

मूळ मुद्द्यावर. आडवळण म्हणतो तसं घरच्या राज्याचं वजन राज्य कुठलं त्यावर आहे, आणि हे पक्षांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. त्या काळी ओहायो, इंडियाना, न्यूयॉर्क ही काठावरची राज्यं. मग उमेदवार कुठून येत होते बघा. हेज, गारफील्ड, मॅकिन्ली, टाफ्ट, हार्डिंग, सगळे ओहायोचे. बेंजामिन हॅरिसन इंडियानाचा. क्लीव्हलंड न्यूयॉर्कचा. १८८४ ला क्लीव्हलंडनं न्यूयॉर्क हजारभर मतांनी राखलं आणि जिंकला. १८८८ ला तेच न्यूयॉर्क गेलं आणि त्याबरोबर सत्ताही, देशभरात एकूण मतं जास्त मिळूनसुद्धा. १९२० ला तर दोन्ही पक्षांनी ओहायोचाच माणूस दिला, हार्डिंग आणि कॉक्स.

म्हणजे 'घरचा पाठिंबा हवा का' हा प्रश्न तेव्हा उमेदवाराला नव्हता, पक्षाला होता. पक्ष आधी राज्य निवडायचा, मग त्या राज्यातला माणूस. आता ते जवळपास बंद झालंय. बायडेन डेलावेअरचे, मतं ३. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमधल्या जन्माचं भांडवल मात्र त्यांनी भरपूर केलं.

आणि कोकमसार, लिंकनबद्दल. १८६० ला केंटकीत त्याला एक टक्काही मतं मिळाली नाहीत. १८६४ ला युद्ध चालू असतानाही केंटकी मॅक्लेलनकडे. इलिनॉय दोन्ही वेळा लिंकनचं. घर ते, जिथे माणसाची राजकीय हयात गेली, एवढं धरून चला. जन्मगाव धरलं तर धाकटा बुशही कनेक्टिकटचा, आणि कनेक्टिकटनं त्याला दोन्ही वेळा नाकारलं.

मिशिगनकर

मी मिशिगनमध्ये राहते. २०१२ चा रॉम्नी कुणी घेतलाच नाही अजून? त्याला मोजून घ्यायला घरंच खूप होती. डेट्रॉइटमध्ये जन्म, वडील जॉर्ज रॉम्नी अमेरिकन मोटर्सचे प्रमुख आणि पुढे मिशिगनचे गव्हर्नर. स्वतः मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. न्यू हॅम्पशरला तळ्याकाठी घर, कॅलिफोर्नियात समुद्राकाठी घर. चारही राज्यं हरला. मॅसॅच्युसेट्स तर २३ टक्क्यांनी.

मॅसॅच्युसेट्सचं समजू शकते, ते डेमोक्रॅटच. पण मिशिगनमध्ये त्या आडनावाला अजून मान होता. माझ्या एका शेजारीणबाईंच्या तोंडून जॉर्ज रॉम्नीचं कौतुक मी कितीदा ऐकलंय. पण २००८ च्या शेवटी मोटार कंपन्या डबघाईला आल्या असताना मिटनं सरकारी मदतीविरुद्ध लेख लिहिला. डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या, अशा अर्थाचा मथळा त्यावर होता. लेखात आत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही, मथळा सगळ्यांनी वाचला. इथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी लाइनवर काम केलेलं. शेजारीणबाई म्हणायच्या, परक्यानं बोललं असतं तर सोडून दिलं असतं.

म्हणून मला वाटतं, घरच्या राज्यात उलटाही भाव लागतो. तुमच्याकडून अपेक्षा जास्त असते. गोरचं तेच, रॉम्नीचंही तेच.

जाता जाता, आपले श्री ठाणेदार. बेळगावकडचे मराठी, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत) तिसरे आले, २०२२ ला डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले. त्यांनाही 'हे डेट्रॉइटचे कुठे, हे तर ॲन आर्बरचे' हे ऐकावं लागलंच. बेळगाव राहिलं बाजूला, तासाभराच्या अंतरावरचं ॲन आर्बर परकं ठरलं!

सांगलीचा_सायबा

हा हा, मिशिगनकरताई, हे शेवटचं वाक्य आमच्याकडेही चालतं. मिरजेचा माणूस सांगलीत उभा राहून बघा.

मी जरा अवांतर करतो. आपल्याकडे राष्ट्रपतीसुद्धा निवडला जातो, आणि त्यात घरच्या राज्याचा खेळ २००७ ला झालाच होता. प्रतिभाताई पाटील काँग्रेस आघाडीच्या उमेदवार. शिवसेना भाजपबरोबर, म्हणजे तिचं मत भैरोंसिंह शेखावतांना जायला हवं होतं. पण बाळासाहेबांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. युती तशीच, मत मात्र तिकडे.

तर्कटराव

सायबा, आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. जनतेचा पाठिंबा तिथे मोजलाच जात नाही. सफरचंद आणि फणस.

सांगलीचा_सायबा

जनतेचा नाही, पण राज्याचा मोजला जातो की. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, आमदार २८८, म्हणजे ५०,४००. उत्तर प्रदेशाखालोखाल आपलंच वजन. शिवसेनेची मतं इकडची तिकडे झाली हा फरक फक्त घरच्या राज्यामुळे. अर्थात प्रतिभाताईंना त्यावाचून अडलं नसतं. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६, दुपटीचा मामला होता. आणि त्यात आणखी मजा अशी की त्या तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल होत्या, सासरचं घराणंही मूळचं राजस्थानचं, तेही शेखावतच. समोरचे भैरोंसिंह राजस्थानचे माजी मुख्यमंत्री. घरचं राज्य कुणाचं, हा कोकमसारताईंचा प्रश्न तिथेही होताच.

२०२२ ला तर उलटंच. यशवंत सिन्हा हजारीबागचे, पण झारखंड मुक्ती मोर्चानं मत दिलं द्रौपदी मुर्मूंना. त्या ओडिशाच्या, आदिवासी, आणि झारखंडच्या माजी राज्यपाल. विरोधी आघाडीत असूनही बिचाऱ्या सिन्हांना घरच्या सत्ताधारी पक्षानंच सोडलं.

एडिसनकर

विल्सनच्या न्यू जर्सीतून हजेरी. आमच्याकडे प्रचाराची जाहिरातसुद्धा पेनसिल्व्हेनियासाठी लागते, फिलाडेल्फियाच्या चॅनेलवर. आम्ही फुकटचे प्रेक्षक.

कोकमसार यांनी जी बाळबोध शंका विचारली ती एकदा थेट कोर्टात गेली होती. राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीत एक कलम आहे: कुठल्याही राज्याचे प्रतिनिधी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या रहिवाशांना देऊ शकत नाहीत. निदान एक तरी बाहेरचा हवा. २००० साली बुश टेक्ससचा गव्हर्नर, आणि त्यानं उपाध्यक्ष म्हणून निवडला डिक चेनी, जो तेलक्षेत्रातल्या हॅलिबर्टन कंपनीचा प्रमुख म्हणून राहत होता टेक्ससमध्येच, डॅलसला. मग काय करायचं? नाव जाहीर होण्याच्या चार दिवस आधी, २१ जुलैला, चेनी विमानानं वायोमिंगला गेला आणि टीटन काउंटीत मतदार म्हणून नाव नोंदवून आला. तिथून तो पूर्वी दहा वर्षं काँग्रेसवर होता, घरही होतं.

टेक्ससच्या काही मतदारांनी दावा लावला की हे ढोंग आहे. कोर्टानं तो फेटाळला, वरच्या कोर्टानंही. पण दावा टिकला असता तर? बुश-चेनींना २७१ मतं. त्यातली टेक्ससची ३२ उपाध्यक्षपदासाठी वजा करा, चेनी २३९ वर. मग उपाध्यक्ष सिनेटनं निवडायचा, आणि नवं सिनेट होतं बरोबर ५०-५०. बुशच्या शेजारी गोरचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार लीबरमन बसला असता की काय, या कल्पनेनं अजून मजा वाटते. म्हणजे कागदावरचं घर जुलैच्या एका दुपारी बदलता येतं. ट्रम्पनं २०१९ ला न्यूयॉर्क सोडून फ्लोरिडा घेतलं तेही असंच, आणि फ्लोरिडानं त्याला पुढे दोन्ही वेळा मतं दिली.

कोकमसार

म्हणजे माझी शंका बाळबोध नव्हती! (कॉलर ताठ.)

मिशिगनकर

एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. आपण नोव्हेंबरच्या निवडणुकीबद्दलच बोलतोय. घरचं राज्य खरं चावतं ते प्रायमरीत, कारण तिथे पक्ष एकच असतो. डेमोक्रॅट की रिपब्लिकन हा आडोसा नाही. लोक माणसालाच मोजतात.

मार्को रुबियो, २०१६. फ्लोरिडाचा सिनेटर. १५ मार्चला फ्लोरिडाची प्रायमरी, पक्षाच्या अधिवेशनातले राज्याचे सगळे ९९ प्रतिनिधी पहिल्या नंबरला. रुबियोला राज्यातली एकच काउंटी मिळाली, मायामी-डेड. त्याच रात्री मायामीत भाषण करून तो शर्यतीतून बाहेर. त्याच दिवशी केसिकनं घरचं ओहायो जिंकलं, आणि तेवढ्या एका विजयावर पुढे सात आठवडे उभा राहिला. बाकी एकही राज्य जिंकला नाही! एलिझाबेथ वॉरन २०२० ला स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसरी, दोन दिवसांत माघार. निकी हेली २०२४ ला साउथ कॅरोलिनात वीस टक्क्यांनी मागे. दोनदा गव्हर्नर झालेली बाई, तरीही. तिनं लगेच सोडलं नाही, पण त्यानंतर देणगीदारांचे फोन कुणाला जात असतील ते सांगायला नको.

अडाणी_अण्णा

+१. पूर्वी याच्या उलटही चालायचं. 'आमच्या राज्याचा लाडका' म्हणून एखाद्या गव्हर्नरला त्याचं राज्य अधिवेशनात उभं करायचं. जिंकायला नव्हे, सौदा करायला. मतांचा गठ्ठा हातात ठेवायचा आणि शेवटी कुणाच्या पारड्यात टाकायचा ते रात्री हॉटेलच्या खोलीत ठरवायचं. प्रायमऱ्या आल्या आणि ती दुकानदारी बसली. १९९२ ला आयोवाचा सिनेटर हार्किन उभा राहिला तर बाकीचे उमेदवार आयोवाकडे फिरकलेच नाहीत. हार्किनला ७६ टक्के मिळाले आणि कुणी ढुंकूनही बघितलं नाही, घरचं राज्य ना!

आडवळण

मिशिगनकरताईंचा मुद्दा एकदम मान्य. आणि नानांच्या त्या शिकारी गृहस्थांच्या वाक्याला एक जोड देतो.

१९८८. डुकाकिसबरोबर उपाध्यक्षपदाचा उमेदवार लॉइड बेंट्सन, टेक्ससचा सिनेटर. टेक्ससच्या कायद्यात सोय आहे, एकाच दिवशी दोन्हीकडे उभं राहता येतं. १९५९ ला लिंडन जॉन्सनसाठी केलेली ती सोय. तर बेंट्सन दोन्हीकडे उभा राहिला. त्याच दिवशी, त्याच टेक्सन मतदारांनी, एकाच मतपत्रिकेवर त्याला सिनेटसाठी भरघोस निवडून दिलं आणि उपाध्यक्ष म्हणून बारा टक्क्यांहून जास्त फरकानं नाकारलं. समोर थोरला बुश होता, तोही टेक्ससचाच, हे खरं. पण माणूस तोच, मतदार तोच, तारीख तीच.

मॅकगव्हर्नचंही असंच. १९७२ ला साउथ डकोटा हरला, देशात फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन मिळालं. दोन वर्षांनी त्याच साउथ डकोटानं त्याला पुन्हा सिनेटवर पाठवलं. म्हणजे लोकांचं त्याच्याशी वाकडं नव्हतं. घरचं राज्य जो पाठिंबा देतं तो आपला प्रतिनिधी म्हणून देतं. तो पुढे राष्ट्राध्यक्षपदाकडे आपोआप वळत नाही.

तर्कटराव

मग जॉन्सनचं काय? १९६० ला केनेडीला टेक्सस कुणी मिळवून दिलं? ४६,००० मतांचा फरक, २४ प्रतिनिधी. जॉन्सन तिकिटावर नसता तर मॅसॅच्युसेट्सचा कॅथलिक पोरगा टेक्सस जिंकला असता का? तिथे घरच्या माणसाचंच काम झालं.

आडवळण

१९६० चं टेक्सस काठावर होतं, १९८८ चं नव्हतं. दोन टक्क्यांची किंमत पहिल्या ठिकाणी सोन्याची, दुसऱ्या ठिकाणी मातीची. मी धाग्यात तेच तर म्हणतोय.

तर्कटराव

तुम्ही धाग्यात 'अट नाहीच' म्हणालात. आता 'काठावर असेल तर सोनं' म्हणताय. हळूहळू माझ्याकडे सरकताय, चालू द्या. (हलकेच घ्या.)

कोकमसार

एडिसनकर, चेनीवरून सुचलं. २०२४ ला ट्रम्पबरोबर रुबियोचंही नाव उपाध्यक्षपदासाठी चर्चेत होतं ना? दोघेही फ्लोरिडाचे. मग त्याला घेतलं असतं तर?

एडिसनकर

तर फ्लोरिडाची ३० मतं एकाच पदाला मिळाली असती. निकाल बघून हिशेब सोपा आहे: ३१२ वजा ३० म्हणजे २८२. रुबियो तरीही उपाध्यक्ष झाला असता. पण जुलैत बसून ३१२ कुणाला दिसत होते? तेव्हा २७५-२८० ची गणितं मांडत होते लोक, आणि तिथे ३० गेले की उपाध्यक्ष लटकला. त्यापेक्षा ओहायोचा व्हान्स सोपा, कुणाला घर बदलायला नको.

नॅशव्हिलचा_नाना

ओहायोचा खरा, पण ओहायो आता काठावर कुठे राहिलंय? अण्णांच्या काळात असतं तर गोष्ट वेगळी.

अडाणी_अण्णा

नाना, हार्डिंगच्या वेळी मी नव्हतो हो.